पतह्याचा उजवा कान

हिवाळ्यातला किसलेव महिना सरत आला, घरोघरी दिवे लागले, की यरुशलेमात गोष्टी सांगणाऱ्यांना नुसता ऊत येतो. ज्याच्या आजाने मंदिर सोडवायच्या त्या लढाईत फक्त गाढवं हाकली, तोसुद्धा छाती पुढे काढून सांगतो की हातोडा म्हणून गाजलेल्या सेनापतीच्या खांद्याला खांदा लावून आमचा आजाच उभा होता. सांगू देत. सणासुदीला कुणाचं तोंड धरावं? पण मंदिराच्या अंगणात ईशान्येच्या कोपऱ्यात लाकूडकोठी आहे, तिथे एक माणूस जन्मभर ओंडके निवडत बसला, त्याचं नाव या गोष्टींत कधी येत नाही. पतह्या त्याचं नाव. लढाईत तो पहिल्या वर्षापासून होता. ती लढाई आपण जिंकलो. पतह्या हरला.

लाकूड निवडायचं म्हणजे काय, तर वेदीवर किडकं लाकूड चालत नाही. एकेक ओंडका हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, भोक दिसलं की बाजूला टाकायचा. हे काम ज्या याजकांच्या, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांच्या, अंगात काही उणं आहे त्यांना देतात. कुणाचं बोट तुटलेलं, कुणाचा डोळा गेलेला. ती माणसं वेदीपाशी जाऊ शकत नाहीत, त्यांनी निवडलेलं लाकूड तेवढं जातं. पतह्याच्या अंगात उणं काय होतं हे नव्या माणसाला शोधूनही सापडत नसे. मग तो पागोटं जरा वर सरकवून उजवा कान दाखवी. कानाच्या वरच्या कडेचा हरभऱ्याएवढा तुकडा गेलेला होता, बस्स.

त्याचं गाव डोंगरात, यरुशलेमपासून दिवसभराच्या चालीवर. बाप दलाया याजक, आजा याजक, त्याच्याही आधीचे सगळे याजक. वर्षातून दोनदा त्यांच्या घराण्याला मंदिरातल्या सेवेचा आठवडा मिळे. उरलेलं वर्ष जैतुनाची चार झाडं आणि बार्लीचा एक तुकडा. पतह्या एकुलता एक. याजकाच्या अंगावर व्यंग चालत नाही म्हणून आईने त्याला अंडं जपावं तसं जपलं. अंजिरावर चढायचं नाही, कोयत्याला हात लावायचा नाही, दगडफेकीच्या खेळात उभंसुद्धा राहायचं नाही. गावातल्या पोरांचे गुडघे फुटलेले, याचे गुडघे लोण्यासारखे. पोरं चिडवायची, "पत्या, उन्हात नको येऊ, वितळशील!"

अंगणापलीकडेच चुलत्याचं घर. चुलतभाऊ याखीन पतह्याहून वर्षभराने मोठा. त्यालाही अंग जपायचं होतं, पण तो झाडावर चढे, भिंतीवरून उड्या मारी आणि दर वेळी धडधाकट खाली उतरे.

"तुला कसं रे काही होत नाही?" पतह्या विचारायचा.

"देवाचं सगळं लक्ष तुझ्याकडे असतं," याखीन म्हणायचा. "माझ्याकडे बघायला त्याला सवड कुठे?"

वयात आल्यावर, अंगात व्यंग नाही ना याची दोघांची तपासणी एकाच दिवशी झाली. यरुशलेमात तपासणारा एक बुजुर्ग होता, त्याने दोघांची नखं, दात, पापण्या, कान सगळं चाचपलं. काय चालतं आणि काय नाही, हे दोघांना लहानपणीच पाठ करवलेलं होतं. कानाचंच घ्या. खालची मऊ पाळी किंवा नुसती कातडी फाटली तर व्यंग नाही. वरच्या कडक कडेला छेद गेला आणि त्यात नख अडकलं, तर मात्र कायमचं बाद. दोघांच्याही कानांत नख अडकलं नाही. दलाया दाराबाहेर उभा होता. मुलगा बाहेर आला तसा तो पुढे झाला. त्याने पतह्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एवढंच म्हणाला, "पुढच्या सेवेच्या आठवड्याला तू माझ्याबरोबर वर वेदीपाशी यायचंस."

आईने पांढऱ्या तागाचा अंगरखा विणून ठेवला होता. तेवढ्यात पतह्याचं लग्नही झालं, शेजारच्या गावच्या शलोमितशी. सगळं कसं ठरल्यासारखं चाललं होतं. पुढचा आठवडा तेवढा आला नाही.

आमच्यावर राज्य करणाऱ्या ग्रीक राजाचा हुकूम आला. शब्बाथाची विश्रांती पाळायची नाही, मुलांची सुंता करायची नाही, नियमशास्त्राची गुंडाळी घरात सापडली तर मरण. मंदिरातल्या वेदीवर दुसरीच वेदी चढवली आणि तिच्यावर डुक्कर कापलं. ही बातमी गावात आली त्या दिवशी दलाया जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. हिवाळा संपायच्या आत तो गेला. पाठोपाठ आईही गेली.

याखीन त्याआधीच शहरात गेला होता, तिथल्या ग्रीकांच्या तालमीत. तो परत आला तेव्हा डोक्यावर रुंद कडेची टोपी होती.

"आता मला आरिस्तोन म्हणायचं," त्याने सांगितलं.

"का? याखीन मेला काय?"

"मेला कशाला, मोठा झाला! तूही चल. तालमीत तेल चोळून देतात फुकट. तुझ्या या नाजूक कांतीला बरं."

पतह्याला हसू आलं होतं, ते त्याने गिळलं. काही दिवसांनी राजाचा अंमलदार गावात आला, बरोबर शिपाई आणि दुभाष्या म्हणून याखीन. चौकात लहानशी वेदी मांडली. प्रत्येकाने पुढे यायचं, राजाच्या देवापुढे चिमूटभर धूप टाकायचा आणि डुकराच्या मांसाचा घास घ्यायचा. कुणीच हलेना. तेव्हा याखीन पुढे झाला आणि पहिली चिमूट त्यानेच टाकली. मग गर्दीत पतह्याला शोधून त्याच्या कानाशी येऊन पुटपुटला, "नुसती चिमूट आहे रे, पत्या. चिमटीने आभाळ कोसळतंय थोडंच? टाक आणि घरी जा."

पतह्या घरी गेला, पण चिमूट न टाकता, मागच्या बोळातून. अंगरखा मडक्यात घातला, तोंड डांबराने बंद केलं, मडकं टाकीच्या भिंतीतल्या खोबणीत लपवलं आणि शलोमितचा हात धरून तो डोंगरात पळाला.

डोंगरात काय होतं? गुहा होत्या, थंडी होती. खायला कडू पाला. मांडवांचा सण आला तेव्हा ना फांद्या होत्या ना मांडव, लोक जनावरांसारखे बिळांत पडून होते. पतह्या लढला, पण त्याची लढाई अजब होती. गोफण घेऊन तो लांबून दगड मारी आणि नेम त्याचा पक्का होता. जवळ मात्र जात नसे. बोटांना चामड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, डोक्याला कानांवरून घट्ट फडकं. गेरा नावाचा एक धनगर त्यांच्या टोळीचा म्होरक्या, तोंडाने फाटका. तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "वाट द्या रे, वाट द्या! आमचं काचेचं भांडं येतंय! त्याला तडा गेला तर देव उपाशी राहील!"

लोक हसत. पतह्या मान खाली घाले. एकदा शलोमित चिडून म्हणाली, "अहो, तुम्ही काहीच कसं बोलत नाही? भित्रा म्हणतात तुम्हाला."

"म्हणू दे," तो म्हणाला. "मंदिर सुटेल तेव्हा वर जायला कुणी धडधाकट उरायला नको? बाबांनी बोलावलंय मला."

मेलेल्या बापाने बोलावलंय म्हणणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार? 

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तो झऱ्यावर पाणी भरताना सापडला. शिपायांनी त्याला गुडघ्यावर बसवलं, मान पुढे वाकवली. दुभाष्याला हाक गेली आणि समोर आला याखीन. दोघांची नजरानजर झाली. याखीन अंमलदाराशी ग्रीकमध्ये बराच वेळ बोलला, हसला, आपल्या कपाळावर बोट फिरवून दाखवलं. मग आपल्या भाषेत हळूच म्हणाला, "तू माझा अर्धवट भाऊ आहेस, शेळ्या राखतोस, असं सांगितलंय. त्याला पटलंय. पण खूण करून सोडा म्हणतो. कानाला. पुन्हा सापडलास तर मान."

"करू दे."

"मीच करतो. यांच्या हातात दिलं तर अख्खा उपटतील."

याखीनने कमरेची छोटी सुरी काढली. पतह्याचं डोकं मात्र जाग्यावर होतं. तो म्हणाला, "याखीन, खालची पाळी घे. मऊ भाग. तुला ठाऊक आहे."

याखीन त्याच्याकडे बघत राहिला. अंमलदाराला मऊ काय आणि कडक काय, कशाशीच देणंघेणं नव्हतं, तो घोड्याचं खोगीर आवळत होता. मग याखीनने कान धरला आणि वरच्या कडक कडेतून एक तुकडा काढला.

"ऐकू येतंय ना?" त्याने विचारलं.

पतह्याने मान हलवली.

"मग झालं तर," याखीन म्हणाला आणि सुरी पुसली.

गुहेत परतल्यावर पतह्याने सगळ्यांना बाण चाटून गेल्याचं सांगितलं. गेराने पहिल्यांदाच त्याची पाठ थोपटली. शलोमितने तेल लावून पट्टी बांधली आणि म्हणाली, "येईल भरून."

"मांस भरून येतं," तो म्हणाला. "हे नाही येत." आणि तोंड भिंतीकडे करून तो इतका रडला की तिला त्याच्या तोंडावर हात ठेवावा लागला, बाहेर आवाज जाईल म्हणून.

त्यानंतर तो कशालाच जपेनासा झाला. गोफण टाकून त्याने भाला घेतला आणि सगळ्यांच्या पुढे धावू लागला. आता मात्र अंगाला एक ओरखडा येईल तर शपथ. नशिबाला कधी कधी अशी थट्टा सुचते आणि त्या थट्टेचा मला मनापासून संताप येतो.

त्याच वर्षी किसलेवात मंदिर सुटलं. लोक अंगणात शिरले तेव्हा तिथे रानासारखी झुडपं माजली होती, दरवाजे जळालेले, खोल्यांची छपरं खाली. थोरथोर माणसं शोकाने डोक्यावर राख टाकून मोठमोठ्याने रडली. मग कामाला लागली. विटाळलेल्या वेदीचे दगड फेकून द्यायचेही धाडस होईना, कारण तेच दगड पूर्वी पवित्र होते. शेवटी ठरलं, बाजूला रचून ठेवू. कधीतरी प्रेषित येईल आणि यांचं काय करायचं ते सांगेल. पतह्याने ते दगड वाहिले. बाप याच दगडांपाशी उभा राहायचा, हे त्याच्या मनातून जाईना. नव्या वेदीला लोखंड न लागलेले दगड हवे होते. तपासणारा तोच बुजुर्ग होता, आता दृष्टी जवळजवळ गेलेली. तो प्रत्येक दगडावरून अंगठ्याचं नख फिरवी. नख अडकलं की दगड बाद.

मग याजकांची तपासणी सुरू झाली. शलोमित गावी जाऊन मडकं घेऊन आली होती. अंगरखा जसाच्या तसा, पांढराशुभ्र. तो हातात घेऊन पतह्या रांगेत उभा राहिला. गेरा मुद्दाम तिथे आला आणि कधी नव्हे त्या हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघ, पागोटं नीट खाली ओढून बांध. म्हातारा आंधळा झालाय. एवढा लढलास, एवढंसं कोण बघतंय?"

पतह्याने पागोटं खाली ओढलं. मी खोटं कशाला सांगू, ओढलं त्याने. त्याची पाळी आली.

"कोण?"

"दलायाचा पतह्या."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "दलायाचा पोरगा! अरे, तुला तर मी आधीच तपासलाय. नितळ अंग, अजून आठवतंय मला. जा, बाळा, जा, कपडे घाल. तुझा बाप आज असायला हवा होता."

पतह्या पुढे निघाला. अंगरखा छातीशी धरलेला, समोर नवी वेदी, वर जाणारा उतार. बापाने सांगितलेला पुढचा आठवडा आज आला होता. उतारापाशी जाऊन तो थांबला. मागे फिरला. म्हाताऱ्यासमोर येऊन त्याने पागोटं काढलं आणि त्याचा हात धरून आपल्या कानावर ठेवला.

"आजोबा, एकदा बघून घ्या."

नख फिरलं आणि अडकलं. म्हाताऱ्याने ते पुन्हा फिरवलं, जणू दुसऱ्यांदा तरी अडकणार नाही.

"शत्रूने केलं हे?"

"आपल्यातल्याने."

"तरीच," म्हातारा म्हणाला. "परक्याला ही जागा माहीत नसते." आणि त्याच्या त्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मी काय करू, बाळा? सांग, मी काय करू?"

"त्या दगडांसाठी प्रेषित यायचाय ना?" पतह्या म्हणाला. "त्याला माझ्या कानाचंही विचारून ठेवा."

रांगेतले दोघंचौघं हसले. त्यांना तो विनोद वाटला.

संध्याकाळी दिवे लावायचे होते. सोन्याचा दीपवृक्ष लुटून नेलेला, म्हणून लोखंडी सळ्या जोडून तात्पुरता उभा केला. याजकांच्या जुन्या झालेल्या वस्त्रांच्या वाती करायची रीत, पण जुनी वस्त्रंही लुटीत गेलेली. वातींसाठी ताग मागायला माणूस फिरू लागला, तेव्हा पतह्याने अंगरखा शलोमितसमोर धरला. "फाड," तो म्हणाला. "माझ्याच्याने होणार नाही."

"अहो, सासूबाईंनी विणलेला. अजून एकदाही अंगाला लागला नाही."

"आता कुणाच्या अंगाला लागणार आहे?"

तिने दातांनी कड तोडली आणि पट्ट्या काढल्या. त्या वातींनी दिवे लागले. हल्ली एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरल्याच्या मोठमोठ्या गोष्टी सांगतात, वातीचं कुणी विचारत नाही. चुकलेल्या मांडवांच्या सणाची भरपाई म्हणून लोक आठ दिवस फांद्या हातात घेऊन नाचले, गायले. पतह्या लाकूडकोठीत होता. इतक्या वर्षांनी वेदी पेटली होती, लाकूड पुरत नव्हतं.

मुलाच्या अंगात बापाचं व्यंग येत नाही. मुलगा झाला असता तर तो वर गेला असता. पण डोंगरातल्या उपासमारीने शलोमितची कूस कायमची रिकामी राहिली. त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. पतह्या वेदीवरच्या मांसाचा आपला वाटा घरी आणी, ती शिजवी आणि दोघं जेवत.

वीसेक वर्षांनी राजाशी तह झाला, पळालेले परत येऊ लागले. ज्या याजकांनी राजाच्या देवाला धूप घातला होता, त्यांचं काय करायचं यावर वडीलधाऱ्यांनी खल केला. निवाडा असा झाला की त्यांना वाटा मिळेल, पण वेदीची सेवा नाही. व्यंग असलेल्यांसारखंच त्यांना धरावं. म्हणजे लाकूडकोठी. एका सकाळी पतह्याने मान वर केली तर दारात याखीन उभा. टोपी नव्हती. केस पांढरे झालेले, अंग तसंच धडधाकट, एक ओरखडा नाही.

"बसू का?" त्याने विचारलं.

कोठी काही पतह्याच्या बापाची नव्हती. याखीन समोर बसला आणि ओंडके निवडू लागला.  मग लाकडापुरतं बोलणं सुरू झालं. हे घे, ते दे, पाऊस लागलाय, ओलं आहे. पतह्या मनातल्या मनात एकच प्रश्न घोळवत होता आणि त्याची उत्तरंही त्याने स्वतःच तयार ठेवली होती. हात घसरला असेल. अंमलदार बघत असेल. घाबरला असेल. प्रत्येक उत्तरासाठी त्याच्याकडे माफी होती.

पुन्हा किसलेव आला. बाहेर सणाची गाणी चालू होती. पतह्याने हातातला ओंडका खाली ठेवला.

"मऊ भाग घे म्हणून सांगितलं होतं मी तुला. ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं."

"मग?"

याखीन हातातल्या लाकडाची साल सोलू लागला. "चिमूट मी केव्हाच टाकून बसलो होतो," तो म्हणाला. "मला वर जाणं नाही, हे मला कळून चुकलं होतं. म्हटलं, जाऊ दे, वेदीच राहिली नाही, तर वर काय आणि खाली काय. आणि तू मानेवर तलवार असताना म्हणतोस, मऊ भाग घे. म्हणजे तुझ्या डोक्यात वेदी अजून उभीच होती. तेव्हा कळलं मला, हा जाणार. सगळं जळलं तरी हा वर जाणार आणि मी खाली एकटा बसणार." त्याने मान वर केली. "एकट्याने नसतं बसवलं रे मला, पत्या."

या उत्तरासाठी पतह्याकडे काहीच तयार नव्हतं. माफी नव्हती, शिवीही नव्हती. बाहेर वेदीवर लाकूड पडल्याचा आवाज आला, त्यानेच सकाळी निवडलेलं.

"जाऊ का मी इथून?" याखीनने विचारलं.

"कुठे जाणार?" पतह्या म्हणाला. "बस. आणि तो ओंडका इकडे दे, किडका आहे. नीट बघत जा."

याखीनने ओंडका त्याच्याकडे सरकवला. दोघं त्या कोठीतच म्हातारे झाले. प्रेषित अजून आलेला नाही, दगड तिथेच आहेत.